उपदेश आणि परिचय

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश नको, हे घटनेचे 28वे कलम आम्हांला मान्यच आहे. परंतु उपदेश वेगळा, परिचय वेगळा. 2002 साली सर्वोच्च न्यायालयानेही हा भेद मानला. चौथीतले मूल तुकोबांचा अभंग चालीवर म्हणते. वारी म्हणजे काय, हे वर्गात सहसा निघत नाही (घर वारकऱ्याचे असेल तर गोष्ट निराळी). फादर स्टीफन्स यांचे 1616 सालचे ख्रिस्तपुराण, शेख महंमदांचा योगसंग्राम हीदेखील मराठीचीच मिरास. यांतले काहीच कानावर न पडलेला विद्यार्थी एम. ए.च्या वर्गात ओवीपुढे एकतर बिचकतो, नाहीतर नुसते हात जोडतो. प्राथमिक शिक्षकाने मराठीच्या तासालाच या गोष्टी सांगाव्यात. त्यावर परीक्षा मात्र घेऊ नये.