बारा शब्द कोणाच्या हाती?

आपल्या बेटावरील मराठी घरांतही आता काही तरुण मंडळी पगारातले चार पैसे बिटकॉइनसारख्या क्रिप्टोचलनात घालू लागली आहेत. ते घालावेत की नाही, हा वाद आज नको. हे चलन आपल्या रुपयासारखे सरकारी नाणे नव्हे, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे. मला बोलायचे आहे ते त्याच्या राखणीविषयी. ही राखण घरातल्या एकट्या मुलाच्या डोक्यात राहते, आणि हे मला मुळीच पसंत नाही.

वॉलेट म्हणजे पाकीट खरे, पण त्यात पैसे नसतात. पैशांची नोंद जगभरच्या संगणकांवरील सामायिक खतावणीत असते. वॉलेटमध्ये असते ती फक्त किल्ली. ही किल्ली माणसाला लिहिता यावी म्हणून २०१३ साली २०४८ साध्या शब्दांची एक यादी ठरविण्यात आली. बहुतेक वॉलेट त्यातले १२ किंवा २४ शब्द एका ठरावीक क्रमाने देते. फोन समुद्रात पडला तरी चालेल. हे शब्द त्याच क्रमाने नव्या फोनवर भरले की सारे परत मिळते. शब्दच गेले, तर मात्र कोणतीही कचेरी मदत करू शकत नाही. आपल्याकडे २०२१ चा कायदा आहे, पण तो असा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांसाठी; हरवलेले शब्द तो आणून देणार नाही.

शब्द ज्या भाषेत मिळाले त्याच भाषेत लिहावेत. यादी फ्रेंचमध्येही आहे, म्हणून कोणी इंग्रजी शब्दांचे हौसेने भाषांतर करील, तर पैसे गेलेच म्हणून समजा. (त्या ठरलेल्या याद्यांत मराठी यादी नाही, हे जाता जाता सांगते.) फोटो काढू नये, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच पाठवू नये. अर्धे शब्द नवऱ्याकडे, अर्धे बायकोकडे, ही युक्तीही मला शहाणपणाची वाटत नाही; एक अर्धा हरवला की दुसरा कुचकामी. त्यापेक्षा पूर्ण प्रती दोन कराव्यात आणि दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. तेथे कागदाचा काय पाड? शब्द कोरण्यासाठी पोलादी पट्ट्या मिळतात, त्या घ्याव्यात.

पण लिहून ठेवले म्हणजे काम झाले, असे नव्हे. वर्गात मुलगा “पाठ झाले” म्हणतो, तेव्हा मी त्याला पुस्तक मिटायला सांगते. येथेही तसेच करावे. आधी अगदी थोडी रक्कम घालावी, पैसे स्वीकारण्याचा आपला पत्ता टिपून घ्यावा, अ‍ॅप पुसून टाकावे आणि केवळ कागदावरून वॉलेट पुन्हा उभे करावे. तोच पत्ता, तीच रक्कम दिसली तर कागद खरा. शब्दांखेरीज वेगळा परवलीचा शब्द लावला असेल तर तोही जपावा लागतो, कारण तो चुकला तर अ‍ॅप तक्रार करीत नाही, निमूटपणे रिकामे वॉलेट उघडते! आणि शब्द भरायचे ते खऱ्या अ‍ॅपमध्ये किंवा त्या यंत्रावरच. मदतीला धावून येणारा कोणी शब्द विचारू लागला, तर तो चोर.

वेल्समधील न्यूपोर्टच्या एका गृहस्थाची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तीत सुमारे ८००० बिटकॉइनची किल्ली होती. कचराडेपो खणू द्या म्हणून तो न्यायालयात गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला. तो निदान स्वतः जिवंत आहे. आपल्या घरी मुलगा अपघातात गेला, तर त्याची बायको काय करील? तिला वॉलेट आहे हेच ठाऊक नसते. “तिला त्यातले काय कळते?” असे म्हणणारे पुरुष मी ऐकले आहेत. जी बाई दुकानाची उधारी पै-पैशासह ध्यानात ठेवते, तिला १२ शब्द भरता येणार नाहीत?

म्हणून माझे मत असे की, वर सांगितलेली परीक्षा मुलाने स्वतः देऊ नये. ती त्याच्या बायकोने किंवा बहिणीने द्यावी, आणि त्याने हात मागे बांधून शेजारी बसावे. नोटरीकडे मृत्युपत्र केले असेल, तर त्यात शब्द लिहू नयेत, कारण तो कागद पुढे अनेकांच्या हाती जातो. वॉलेट कोणते आहे आणि प्रती कोठे ठेवल्या आहेत, एवढेच तेथे लिहावे.