युद्धात झालेले कायदे

लोहगावच्या विमानतळावर उतरणाऱ्या पुणेकरास आपण एका महायुद्धाच्या ठेव्यावर पाय ठेवीत आहोत, याची जाणीव क्वचितच होत असेल. 1939 साली लष्करी गरजेपोटी तो तळ उभा राहिला. युद्ध संपले, इंग्रज गेले, तरी धावपट्टी हवाई दलाकडेच राहिली आणि नागरी वाहतूक तेथे आजही पाहुण्यासारखी वावरते. युद्धकाळात जन्मलेल्या कायद्यांचेही बरेचसे असेच होते.

1942 साली क्रिप्स यांची शिष्टाई फसली आणि व्हाइसरॉयास आपल्या कार्यकारी मंडळात हिंदी सभासदांची संख्या वाढविणे भाग पडले. त्या जुलैत डॉ. आंबेडकरांकडे मजूर खाते आले. नावात मजूर असले तरी पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्यात होते. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये दामोदर नदीने बरद्वानजवळ बांध फोडला, कलकत्त्याचा रेल्वेमार्ग तुटला आणि ब्रह्मदेशच्या आघाडीची रसद अडली. एरवी अशा पुराची चौकशी प्रांताच्या दप्तरात पडून राहती. 1935 च्या कायद्याने पाणी हा प्रांतांचा विषय होता. परंतु नदी बिहारातून बंगालात येणारी, बिहारात मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर गव्हर्नरची राजवट, आणि दिल्लीस रसदीची घाई. त्यामुळे केंद्राच्या शब्दाला पूर्वी नव्हते ते वजन आले.

या वजनाचा उपयोग डॉ. आंबेडकरांनी कसा केला, हे विसरता कामा नये. वटहुकूम काढून ते मोकळे झाले नाहीत. जानेवारी 1945 मध्ये कलकत्त्यास दोन्ही प्रांतांचे प्रतिनिधी समोरासमोर बसविले आणि संपूर्ण खोरे हा एकच घटक मानावा, हा विचार त्यांच्यापुढे मांडला. त्यातून 1948 चा दामोदर खोरे महामंडळाचा कायदा आला. त्याच वर्षी वीजपुरवठ्याचाही आला. डिसेंबर 1943 मध्ये नागपुरास जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी रस्त्यांची जी प्रतवारी ठरविली, तिच्या पाठोपाठ 1956 चा राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला. राज्यघटनेत आंतरराज्य नद्या संघसूचीत आल्या. कृष्णा लवाद 1969 साली नेमला गेला तोही 1956 च्याच एका कायद्यान्वये. आमच्या मुळा-मुठेचे पाणी भीमेतून कृष्णेसच मिळते, तेव्हा हा इतिहास पुणेकरास परका नाही. (त्याच वर्षीच्या नदी मंडळांच्या कायद्याखाली मात्र एकही मंडळ स्थापन झाले नाही!)

याउलट दुसरे उदाहरण पाहा. भारत संरक्षण कायद्याखाली सरकारने युद्धासाठी लोकांच्या जमिनी व घरे ताब्यात घेतली. युद्धानंतर तो ताबा टिकविण्यासाठी नवे कायदे झाले. त्यांतला 1952 चा कायदा सहा वर्षांच्या मुदतीचा होता. आम्ही मास्तरकी करीत असतो तर ‘तात्पुरता’ या शब्दाचा अर्थ वर्गात विचारला असता; या कायद्याच्या मुदती वाढत गेल्या आणि 1970 साली मुदतीचे कलमच गळाले.

संरक्षणाची निकड खोटी असते, असे आमचे म्हणणे नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने तातडीचा अधिकार देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती आणि संसदेच्या मान्यतेने इतर आणीबाणी यांपुरता आखडला, हे योग्यच झाले. परंतु 2023 साली वनसंरक्षण कायदा बदलला तेव्हा आंतरराष्ट्रीय सीमेपासून 100 किलोमीटरच्या आतील राष्ट्रीय सुरक्षेचे रस्ते व तत्सम प्रकल्प त्याच्या कक्षेबाहेर ठेवता येतील, अशी तरतूद झाली. तिला मुदत नाही. सीमेवरचा ताण उद्या निवळला तरी ही सवलत आपोआप संपणार नाही. अशा प्रत्येक सवलतीस काही वर्षांची मर्यादा घालावी आणि ती वाढविण्यासाठी सरकारला संसदेपुढे कारणे मांडून नव्याने मत घ्यावे लागावे. पुण्याच्या खासदारांनी ही दुरुस्ती सुचविण्यास हरकत कोणती?