कोई माशाला काचेची टाकी पुरत नाही

रंगीत माशांच्या दुकानात पांढऱ्या अंगावर केशरी ठिपके असलेले, बोटाएवढे कोई मासे एकाच टाकीत दाटीवाटीने सोडलेले असतात. लहान मुलांची नजर नेमकी तिथेच जाते. कुणाचा वाढदिवस असतो, किंवा घराच्या ईशान्य कोपऱ्यात पाणी असावे असे कुणीतरी सांगितलेले असते. तीन फुटी काचेची टाकी, रंगीत खडे, हवेचा पंप आणि चार पिल्ले घेऊन कुटुंब घरी येते. 'हे किती मोठे होतात?' असे कुणी विचारलेच, तर दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : 'मासा टाकीच्या मापानेच वाढतो, काळजी करू नका.'

सगळी फसगत या उत्तरात आहे. कोई हा शोभेच्या टाकीतला मासा नव्हेच. मत्स्यशेतीत ज्याला सायप्रिनस म्हणतात, त्या कार्पचा तो अगदी जवळचा नातेवाईक. जपानच्या निगाता भागातले भातशेतकरी खाण्यासाठी कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांतले रंगीत मासे वेगळे काढून त्यांची पैदास सुरू झाली आणि १९१४च्या टोकियोतील प्रदर्शनानंतर ते जपानभर माहीत झाले. आजही तिथले व्यावसायिक उन्हाळ्यात हे मासे डोंगरउतारावरच्या मोठ्या मातीच्या तळ्यांत वाढवतात. पूर्ण वाढलेला कोई दोन फुटांचा, कधी त्याहूनही लांब असतो आणि नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला मासा त्या मुलाच्या लग्नातही हजर असायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

टाकीच्या मापाने वाढण्याची गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती चालते. लहान टाकीत कोईची वाढ खरोखर खुंटते. पण ती खुंटते ती साचलेल्या घाणीमुळे, ताणामुळे आणि हालचालीला जागा नसल्यामुळे. पोटभर न जेवलेले मूल बारीक राहिले, तर ते 'घराच्या मापाने वाढले' असे कुणी म्हणत नाही.

घाण म्हणजे इथे मुख्यतः अमोनिया. मासा तो बहुतांश कल्ल्यांवाटे सतत पाण्यात सोडत असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने सौम्य असे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र टाकी भरली की त्याच संध्याकाळी मासे सोडतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि मासे मरतात, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मग 'पाणी खराब झाले' म्हणून सगळी टाकी उपसून, फिल्टर नळाखाली घासून धुतला जातो. उरलेसुरले जिवाणूही जातात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करते ते वेगळेच. खरे तर दर आठवड्याला दहा-वीस टक्के पाणी बदलावे, तेही क्लोरीन काढलेले, आणि फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा.

मग जागा किती लागते? मोठ्या झालेल्या एका कोईला साधारण हजार लिटर, म्हणजे गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिक टाकीएवढे पाणी, हा पाळणाऱ्यांमधला व्यवहार्य अंदाज आहे. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी बसते. चार माशांसाठी आठ फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि चार फूट खोल हौद हवा. खोलीत कसर करून चालत नाही. उथळ हौद एप्रिल-मेमध्ये तापतो आणि बगळ्यांनाही सोयीचा होतो.

इथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी थोडे थांबावे. असा हौद भरला की पाण्याचेच वजन चार टनांवर जाते. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधलेली असते. चार फूट पाण्याचा भार चौरस मीटरला १२०० किलो होतो. गच्चीवर किंवा बाल्कनीत कोईचा हौद बांधायची हौस स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये, आणि तो नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

ज्यांच्याकडे अंगण आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न आहे उष्णतेचा. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. त्याच वेळी उष्म्याने माशाची प्राणवायूची गरज वाढते. हौद शेवाळाने हिरवा झाला असेल, तर रात्री ते शेवाळही प्राणवायू वापरते. त्यामुळे सर्वांत वाईट वेळ पहाटेची. उन्हाळ्यात रात्री वीज गेली आणि पंप बंद पडला, तर सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करताना दिसतात. घरातली मंडळी म्हणतात, 'बघा, भूक लागलीय,' आणि मूठभर खाद्य टाकतात. ते खाद्य कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपवते. त्या क्षणी गरज असते ती हवेची. बॅटरीवर चालणारा पंप दीड-दोन हजारांच्या माशाहून जास्त उपयोगाचा. एरवीही कोईला जठर नसते, त्यामुळे एकदम पोटभर खाऊ घालण्यापेक्षा थोडे थोडे द्यावे. पाच मिनिटांत संपेल एवढेच.

मासा आजारी दिसला की पाण्यात प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून टाकण्याची पद्धत मात्र ताबडतोब थांबायला हवी. रोग कोणता हे माहीत नसते, मात्रा अंदाजाने ठरते, फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू उरतात. ते पाणी शेवटी गटारातच जाते. आधी पाणी तपासावे. अमोनिया, नायट्राइट आणि पीएचचे किट दुकानात मिळते. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. आणि हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू अशाच वाटेने माणसाच्या त्वचेत शिरतो. त्याची गाठ महिनोन् महिने बरी होत नाही आणि घरी मासे आहेत हे रुग्णाने सांगितले नाही, तर डॉक्टरांच्याही लवकर लक्षात येत नाही.

जगलेला मासा टाकीत मावेनासा झाला की गावच्या तलावात सोडून द्यायचा, हे पुण्याचे काम मानले जाते. ते तलावाच्या मुळावर येते. कार्प तळाचा चिखल उकरून अन्न शोधतो. त्याने पाणी गढूळ होते, पाणवनस्पती उपटल्या जातात आणि तिथल्या मूळच्या माशांची जागा जाते. मोठा तलाव असलेले फार्महाऊस किंवा रिसॉर्ट शोधून मासा तिथे द्यावा, हे कटकटीचे असले तरी बरे.

चार पिल्ले विकताना दुकानदाराने त्या टाकीवर 'मोठेपणी लांबी दोन फूट, वय पंचवीस वर्षे' एवढी पाटी लावणे सक्तीचे करायला काय हरकत आहे? पंख्याला ऊर्जेचे तारे लागतात, बिस्किटाला हिरवा ठिपका लागतो. तोवर गिऱ्हाइकानेच ओळखायला शिकावे. तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या असतील तर तो कोई, नसतील तर गोल्डफिश. अर्थात तोही तीन फुटी टाकीत चारच्या संख्येने ठेवायचा मासा नाही. त्या टाकीत आपल्याकडच्याच ओढ्यांतून मूळ आलेले झेब्रा मासे आठ-दहाच्या थव्याने मजेत राहतात. ते दोन इंचांपलीकडे वाढत नाहीत, आणि मुले त्यांच्याकडेही तितकाच वेळ बघत बसतात.