वरच्या खोलींतील खेळ माजघरांत

गेल्या महिन्यांत या सदरांत मुलांच्या पाठांतराविषयीं मीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका भगिनींनीं पत्र पाठवून विचारलें आहे, "मास्तर, पाठांतराचें राहूं द्या, तुमच्या घरचीं मुलें रात्रीं खोलीचें दार लावून काय करतात, तें एकदां खरें खरें लिहा." प्रश्न वर्मीं लागला. आमच्या घरांत गेला दीड महिना याच गोष्टीवरून धुसफूस चालू होती, आणि ती अद्याप पुरती शमली आहे असेंही नाहीं. तेव्हां वाचकहो, या वेळीं उपदेश बाजूस ठेवून हकीकतच सांगतों.

आमचें घर वाईस आहे. जुनें, दगडविटांचें, दीड हात रुंदीच्या भिंतींचें. मुलेंबाळें धरून रोज अकरा पानें पडतात. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलींत माझा नातू अभ्यासास बसतो. तो यंदा नववींत आहे. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या मामांनीं त्यास एक दणकट संगणक घेऊन दिला. चित्रें काढण्याचें स्वतंत्र यंत्र ज्याच्या पोटांत असतें, आणि म्हणून जो खेळांस विशेष उपयोगी पडतो, असा. तेव्हांपासून त्याचें जेवण चौथ्या हांकेवर गेलें. पहिल्या चाचणींत गणिताचे गुण घसरले, आणि घटस्थापनेच्या आदल्या रात्रीं चिरंजीवांनीं सर्वांदेखत जाहीर केलें कीं, दिवाळीच्या आंत हा संगणक विकून टाकावयाचा.

मुलानें आदळआपट केली नाहीं. रडलाही नाहीं. त्यानें फक्त बापाशीं बोलणें सोडलें. अकरा माणसांच्या पंक्तींत दोघे एकमेकांशीं बोलत नाहींत, म्हणजे काय होतें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस सांगावयास नको. "मीठ पाहिजे का विचार त्याला," असें चिरंजीव सूनबाईंस सांगत, आणि मीठ दोघांच्या मधोमध ठेवलेलें असे.

मला पस्तीस वर्षांपूर्वींचा एक प्रसंग आठवूं लागला. आठवीच्या वर्गांत एक मुलगा बाकाखालीं कागदाचा पट मांडून बुद्धिबळ खेळतांना सांपडला होता. मीं पट फाडला आणि मोहरीं खिडकींतून फेंकून दिलीं. वर्ष संपेपर्यंत तो मुलगा माझ्या तासास येऊन बसे, परंतु विचारल्या प्रश्नास उत्तर देईना. विभक्ति त्यास येत होत्या. तो देत नव्हता. त्या दिवशीं तो कोणाशीं खेळत होता, हें विचारावयाचें मला सुचलेंच नाहीं.

म्हणून या खेपेस मीं विचारलें. गुडघ्यांच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करून जिना चढलों आणि म्हटलें, "बाळ, इथें एकटा बसून करतोस तरी काय?"

"एकटा नसतों, आजोबा," तो म्हणाला. सहावीपर्यंत त्याच्या बाकावर बसणारा मित्र वडिलांच्या बदलीमुळें नागपुरास गेला. दोघे रात्रीं साडेनऊ वाजतां खेळांत भेटतात; खेळतां खेळतां कानास यंत्र लावून गप्पा मारतात. हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. मग तो म्हणाला, "दुसरा एक खेळ आहे, तो मी एकटाच खेळतों. तो तुम्हांला आवडेल." आणि त्यानें मला 'राजी' दाखविला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें रचलेला हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध झाला. राजी नांवाची मुलगी असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावास शोधीत निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णु हे परस्परांशीं बोलत सांगतात. वाडे, छत्र्या, जाळीच्या खिडक्या, सारी बांधणी राजस्थानी वळणाची. जागोजाग भिंतींवर चित्रें आहेत. तीं उजळलीं कीं पुराणांतील एकेक आख्यान ऐकूं येतें. असुरांच्या अधिपतीचें नांव महाबलासुर. मीं तिथल्या तिथें नातवास समासाचा विग्रह करावयास लावला. त्यानें केला, आणि चक्क बरोबर केला. अर्धा तास केव्हां गेला कळलें नाहीं. परंतु उठतांना गुडघ्यांनीं आपलें म्हणणें मांडलेंच. मीं म्हटलें, "हें खालीं आणतां आलें असतें तर!"

"संगणक आणावा लागत नाहीं, आजोबा. चित्र तेवढें खालीं आणतां येतें."

ही गोष्ट मला नवीन होती, आणि बहुतेक वाचकांसही असेल, म्हणून जरा विस्तारानें सांगतों. खेळ वरच्या संगणकावरच चालतो. त्यानें काढलेलें चित्र घरांतल्या घरांत माजघरांतील टीव्हीवर पाठवावयाचें, आणि खेळणाराच्या हातांतील कळींचा दाब उलट दिशेनें वर न्यावयाचा, एवढाच व्यवहार. परंतु यांतील गणित पाहण्यासारखें आहे. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकाचा रंग सांगावयास २४ अंक, आणि सेकंदास ६० चित्रें. गुणाकार करा: सेकंदास सुमारें २९९ कोटी अंक होतात. हे अंक म्हणजे नुसते शून्य आणि एक. संगणकवाले त्यांस बिट म्हणतात. एवढा ओघ घरगुती वायफायमधून नेणें शक्य नाहीं. म्हणून संगणक तें चित्र आवळून दोन कोटींच्या आसपास आणतो. दीडशेंपट संक्षेप!

हा संक्षेप कसा साधतो, असें मीं विचारलें तेव्हां नातू म्हणाला, "मागच्या चित्रांत जें होतें तें पुन्हां पाठवीत नाहीं. बदललें तेवढेंच सांगतो." मी जागच्या जागीं थबकलों. अहो, ही तर पाणिनीची अनुवृत्ति! पूर्वसूत्रांतील पद पुढील सूत्रांत अध्याहृत धरावयाचें, पुन्हां उच्चारावयाचें नाहीं. त्यावांचून अष्टाध्यायीचीं चार हजार सूत्रें कोणाच्या मुखीं राहिलीं असतीं? आणि अनुवृत्तीचा जो धोका, तोच येथेंही. मधलें एक सूत्र ज्याचें चुकलें, त्यास पुढचीं दहा लागत नाहींत. वाटेंत एक तुकडा हरवला कीं पुढील चित्रें चौकडींच्या लुगड्यासारखीं फाटत जातात, आणि नवें संपूर्ण चित्र येईपर्यंत सांवरत नाहींत.

हें सारें आम्हीं पुढें प्रत्यक्षच पाहिलें. पण त्याआधीं आमच्या थोरल्या बंधूंची हरकत निघाली. "तासाभरांत घरचें नेट संपवील हा!" हिशेब करतां तासास सुमारें ९ गिगाबाइट होतात, तेव्हां भीति अगदींच निराधार नव्हती. परंतु हा प्रवाह घराबाहेर जातच नाहीं. परसांतील विहिरीचें पाणी स्वयंपाकघरांत आणलें, तर नगरपालिकेच्या नळाचें मीटर फिरत नाहीं, तसेंच हें. दादांस विहिरीचा दाखला पटला. मीटरविषयीं मात्र ते अजून साशंक आहेत.

पहिला प्रयोग बिनतारी केला. आमच्या वायफायच्या लहरी दोन जातींच्या: एक ५ गिगाहर्ट्‌झची, वेगवान परंतु भिंतीपुढें नांगी टाकणारी, दुसरी २.४ ची, भिंत ओलांडणारी परंतु गर्दींत सांपडलेली. आमच्या पूर्वजांनीं बांधलेल्या भिंतीपुढें पहिलीचें कांहीं चालेना. दुसरीवर खेळ सुरू झाला, आणि दहा मिनिटें बरा चालला. इतक्यांत राजी उडी मारतां मारतां हवेंतच गोठली. पुन्हां सुरू, पुन्हां गोठली. तिसऱ्या खेपेस नातवाच्या लक्षांत आलें कीं, स्वयंपाकघरांत कोणी चहा ऊन करावयास ठेवला कीं हें होतें. मायक्रोवेव्ह शेगडीच्या लहरीही याच २.४ च्या आसपासच्या. शेगडी कितीही घट्ट मिटलेली असली तरी थोड्या लहरी बाहेर झिरपतात, आणि तेवढ्यांनींही वायफायचा आवाज बुडतो. अकरा माणसांच्या घरांत चहा थांबविणें हें माझ्या अधिकाराबाहेरचें होतें.

अखेर तार ओढली. जिन्याच्या कडेनें, तुळईवरून, टीव्हीच्या पाठीमागें. २२ मीटर लागली. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. दुकानदारानें टोंकांस लावून दिलेल्या प्लास्टिकच्या खुंट्यांपैकीं एक इतकी ढिली होती कीं, हात लागला कीं चित्र जाई. त्याच्याकडे दोन फेऱ्या झाल्या, आणि "तार ठीक आहे, टीव्ही तपासा" हें उत्तर दोनदां ऐकलें. मग नातवानें चिमटा उसना आणून स्वतःच नवी खुंटी बसविली. आठ रंगीत तारा ठरल्या क्रमानें लावावयाच्या असतात. पहिली चुकली, दुसरी बसली. पुष्कळ टीव्ही संचांचें तारेचें भोक सेकंदास १०० मेगाबिटच घेतें. आपली गरज २० ची, तेव्हां तेवढ्यानें भागतें.

तरीही एक कुसर राहिली. कळ दाबली आणि राजीचा त्रिशूळ उगारला जाणें यांत किंचित् अंतर पडे. मला तें दिसेना, नातवास सोसेना. सेकंदास ६० चित्रें म्हणजे एका चित्राचा वांटा सेकंदाचा साठावा भाग. आवळणें, वाहणें, उलगडणें यांत असे थोडे भाग जाणारच. परंतु येथें खरा अपराधी निघाला टीव्ही! आलेलें चित्र दाखविण्यापूर्वीं तो त्यास पावडर-कुंकू करीत बसे. बहुतेक नव्या संचांत 'गेम मोड' नांवाची सोय असते. ती लावतांच हा शृंगार बंद होतो. बुद्धिबळ किंवा नगर वसविण्याचा खेळ असेल तर विलंब जाणवतही नाहीं. युद्ध किंवा मोटारींची शर्यत असेल तर तोच जीव घेतो.

याकरितां लागणाऱ्या साधनांविषयीं एक सूचना. अमेरिकेंतील व्हॉल्व्ह या कंपनीनें २०१४ सालीं ही सोय आपल्या 'स्टीम' या दुकानाच्या गिऱ्हाइकांस खुली केली. २०१५ सालीं त्यासाठीं 'स्टीम लिंक' नांवाची लहानशी पेटी काढली, आणि २०१८ सालीं ती बंदही केली. पेटीचें काम करणारी त्याच नांवाची आज्ञावली मात्र त्याच वर्षीं फोनवर आली. एन्व्हिडिया कंपनीनेंही अशीच सोय दिली होती. २०२३ सालीं ती काढून घेतली. कंपनीची मेहेरबानी ही अशी असते. आमच्या घरीं जी बसविली, ती कोणासही फुकट मिळणारी, जिची रचना सर्वांस उघडी आहे अशी आज्ञावलींची जोडी आहे. टीव्हीवर राहते ती 'मूनलाइट', संगणकावर राहते ती 'सनशाइन'. मूनलाइट अमेरिकेच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं २०१३ सालीं सुरू केली. सनशाइन मागाहून तिच्यासाठीं निराळ्यांनीं रचली. चंद्राचा प्रकाश सूर्याचा, हें आमच्या आर्यभटानें ४९९ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगून ठेवलें आहे. त्या मुलांनीं तो वाचला असेल असें नव्हे. पण नांव ठेवणाऱ्यास शाबासकी दिलीच पाहिजे. दोघांची ओळख पटविण्यास टीव्हीवर चार अंक उमटतात, ते संगणकांत लिहावयाचे. ते आमच्या सौभाग्यवतींनीं जिन्याखालून ओरडून सांगितले.

आतां रोज सायंकाळीं आठ ते नऊ माजघरांत राजी असते. दादा चष्मा कपाळावर चढवून बसतात. दुर्गेच्या हातांतील आयुधांविषयीं सौभाग्यवतींचे आणि माझे मतभेद झाले, आणि पोथी काढावी लागली. तार ओढल्यावर मायक्रोवेव्हचा कांहींएक संबंध उरलेला नाहीं, हें मीं तीनदां समजावलें. तरी आठ ते नऊ घरांत कोणी चहा ऊन करीत नाहीं.

परंतु भगिनींनीं खरें लिहा म्हटलें आहे. नागपूरच्या मित्राशीं होणारा खेळ खालीं आलेला नाहीं. आणतां येतो, नातू आणीत नाहीं. "अकरा जणांसमोर मी त्याच्याशीं काय बोलूं, आजोबा?" त्याचें म्हणणें मला रास्त वाटतें, सूनबाईंस वाटत नाहीं. चौदा वर्षांच्या मुलाच्या मैत्रीवर साऱ्या घरानें कान ठेवावा, असें मी म्हणणार नाहीं. पण रात्रीं साडेनऊचें अकरा होऊं नये, हें त्यांचें म्हणणेंही मला खोडतां येत नाहीं. सध्यां बुधवार आणि शनिवार, दहापर्यंत, दार उघडें ठेवून, असा तह झाला आहे. तो पहिल्याच आठवड्यांत एकदां मोडला.

संगणक विकण्याची गोष्ट चिरंजीवांनीं मागें घेतलेली नाहीं. दिवाळी आली आणि गेली. गिऱ्हाईक आलें नाहीं, आणि त्यांनीं शोधल्याचेंही दिसलें नाहीं. पहिले कित्येक दिवस ते आठ वाजले कीं अंगणांत फेऱ्या घालीत. मग दाराशीं उभे राहूं लागले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं कचेरींतून आले ते पिशवी हातांत तशीच धरून खांबाशीं बसले. पडद्यावर राजी एका भिंतीपाशीं आली होती. चित्र उजळलें, आख्यान झालें, ती पुढें निघाली.

"थांब जरा," चिरंजीव म्हणाले. "ती भिंत पुन्हां दाखव."

नातवानें मागें वळून पाहिलें नाहीं. राजीस मात्र त्यानें परत भिंतीपाशीं आणलें, आणि सरकून सतरंजीवर थोडी जागा केली.