दुसऱ्या दाराचे डॉक्टर

दिवाळीला नगरला गेलो होतो. (2024 मध्ये सरकारदरबारी गावाचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या अण्णांच्या तोंडी अजून नगरच आहे, त्यामुळे माझ्याही.) पाडव्याच्या संध्याकाळी न्यू जर्सीहून ताईचा व्हिडिओ कॉल आला. फराळ दाखवून झाला, अण्णांच्या गुडघ्याची चौकशी झाली, आणि मग ताईच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने बातमी दिली. तिला मेडिकलचा इंटरव्ह्यू आलाय. ऑस्टिओपॅथिक कॉलेजचा.

"ऑस्टिओ म्हंजी हाड ना रं?" अण्णांनी मला विचारलं. मी मान डोलावली. "म्हंजी पोरगी एवढी अमेरिकेत शिकून हाडवैद्य व्हणार?"

सगळे हसले. भाचीही हसली, पण जरा उशिराने. दादाने हळूच माझ्या कानात विचारलं, "एमडीला नंबर नाही का लागला तिचा?"

तर मंडळी, हा आठवडा या प्रश्नावर. कारण तो फक्त भाचीचा प्रश्न नाही हे मला त्याच रात्री कळलं.

आधी अण्णांच्या शंकेचं उत्तर. अमेरिकेत डॉक्टर व्हायची दोन दारं आहेत. एका दारातून एमडी, दुसऱ्यातून डीओ. (तिकडे एमडी ही पहिली डिग्री. आपल्या एमबीबीएसच्या जागी धरा.) दुसरं दार उघडलं अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरने. 1864 साली मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. तेव्हाची औषधं म्हणजे पारा आणि अफू, त्यामुळे अगदीच चूक नव्हतं त्याचं. 1874 मध्ये त्याने आपली पद्धत जाहीर केली आणि 1892 मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या आडगावात कॉलेज काढलं. हाडं आणि स्नायू हाताने तपासायचे, हातानेच ठीक करायचे, शरीराला स्वतःला बरं होऊ द्यायचं, असा सगळा मामला. म्हणजे सुरुवातीला तो खरोखर हाडवैद्यच होता. अण्णा दीडशे वर्षं उशिरा का होईना, बरोबर बोलले.

पण पुढची गंमत महत्त्वाची आहे. स्टिलसाहेबांचे बरेच दावे पुढे टिकले नाहीत. टिकली ती कॉलेजं, आणि ती टिकली कारण ती बदलली. 1910 मध्ये फ्लेक्सनर नावाच्या माणसाने सगळ्या मेडिकल कॉलेजांची झडती घेणारा अहवाल लिहिला, त्यात एमडीवाल्यांबरोबर यांचेही वाभाडे निघाले. हळूहळू डीओ कॉलेजांनी औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, सगळं पूर्ण शिकवायला घेतलं. तरी मान काही लगेच मिळाला नाही. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात तर दोन हजारांवर डीओंना 65 डॉलर भरून एमडीची पदवी देऊन टाकली आणि नवे डीओ परवाने बंद केले! ते पुन्हा सुरू व्हायला 1974 साल आणि कोर्टाचा निकाल लागला. सैन्यात घ्यायला 1966 उजाडलं. आणि 2020 पर्यंत दोघांच्या रेसिडेन्सीची व्यवस्थाही एकच झाली. आज तिथे शिकणाऱ्या दर चार भावी डॉक्टरांपैकी एक जण डीओच्या वाटेवर आहे. अधिकार तेच, काम तेच, पगार तोच. हाताने उपचार करायचे सुमारे दोनशे तासांचं शिक्षण डीओंना जास्तीचं.

पण लोकांच्या मनात पहिलं आणि दुसरं राहतंच. कारण मार्क. एमकॅट ही त्यांची परीक्षा 528 ची. एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 511-512, डीओची 504 च्या आसपास. आमच्या भाचीला 506. मागच्या वर्षी तिने फक्त एमडीचे अर्ज भरले होते. एकही इंटरव्ह्यू आला नाही. यंदा डीओचेही भरले. म्हणजे दादाचा कानातला प्रश्न बरोबरच होता, फक्त तो कानात विचारला होता.

तिकडची प्रवेशाची पद्धत आपल्याला मजेशीर वाटेल. आधी एक सामायिक अर्ज, त्यात कॉलेजचे सगळे मार्क, एमकॅट, आणि 'मला डॉक्टर का व्हायचंय' हा निबंध. मग प्रत्येक कॉलेज वेगळे निबंध मागतं. बऱ्याच ठिकाणी एखाद्या डीओ डॉक्टरचं शिफारसपत्र असेल तर बरं मानतात. आलेले अर्ज आले तसे वाचत जातात, त्यामुळे उशीर केला की जागा संपायला लागतात. आणि शेवटी इंटरव्ह्यू. त्यात एक प्रश्न चुकत नाही: ऑस्टिओपॅथीच का?

मी गेली पंधरा-सोळा वर्षं कंपनीत इंटरव्ह्यू घेतोय, तेव्हा साहजिकच भाची म्हणाली, "मामा, माझा एक मॉक घे ना." ताई मागून म्हणाली, "चांगला खडूस घे." भाऊबीजेच्या दिवशी घेतला. मी अण्णांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो. शेजारी पलंगावर माझा पुतण्या, दादाचा मुलगा, पेंगत पडला होता. नाइट ड्यूटी करून आला होता.

मी विचारलं, "ऑस्टिओपॅथीच का?"

तिने उत्तर दिलं. संपूर्ण माणसाचा विचार, शरीर-मन-आत्मा, लहानपणापासूनची ओढ, आजी नगरला हाडवैद्याकडे जायची तेव्हापासून वगैरे वगैरे. छान इंग्रजी, मधे दोन सेकंद थांबून हसणं. असे उमेदवार मी शेकड्याने पाहिलेत. आमच्याकडेही 'तुमच्याच कंपनीत का' विचारलं की लहानपणापासूनची ओढ निघते.

म्हटलं, "बाई, मागच्या वर्षी तू यांच्याकडे अर्जसुद्धा केला नव्हतास. ते त्यांना समोर दिसत असेल किंवा नसेल, पण तुला माहीत आहे ना? आता खरं सांग."

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "मागच्या वर्षी मला कोणी घेतलं नाही म्हणून मी एका क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या नोंदी टाइप करायची नोकरी धरली. तीन महिने त्यांच्याबरोबर होते. ते डीओ आहेत हे मला तीन महिन्यांनी कळलं, कारण काही वेगळं नव्हतंच. मग एकदा एक म्हातारे गृहस्थ पाठदुखीसाठी आले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, आणि मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून वीस मिनिटं तपासत, बोलत राहिले. ते आजोबा म्हणाले, कित्येक वर्षांत मला कोणी डॉक्टरने हात लावलेला नाही. मामा, मी नाकारली गेले नसते तर हे मला दिसलंच नसतं."

म्हटलं हेच सांग. पहिलं फेकून दे.

फोन ठेवला. वाटलं पुतण्या झोपलाय. तो छताकडे बघत म्हणाला, "काका, मला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही."

त्याने बीएचएमएस केलंय. होमिओपॅथी. दोनदा नीट दिली, एमबीबीएसचा कटऑफ दोन्ही वेळा हुकला, बीएएमएसचा दुसऱ्यांदा थोडक्यात हुकला, मग राउंडमध्ये जे कॉलेज आलं ते घेतलं. संगणकावर पसंतीक्रम भरला, यादीत नाव आलं, फी भरली. साडेपाच वर्षं गेली. का होमिओपॅथी? कोणी विचारलं नाही. घरात आम्हीही नाही विचारलं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि ते ऐकायची कुणाचीच तयारी नव्हती.

आता तो जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात रात्रपाळीचा आरएमओ आहे. रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून पेशंट आला की साबुदाण्याच्या गोळ्या नाही देत तो. सलाइन लावतो, इंजेक्शन देतो, मोठ्या डॉक्टरांना फोन करतो. जे काम करतो ते त्याला कॉलेजने शिकवलेलं नाही, आणि जे शिकवलं ते काम कोणी त्याला देत नाही.

मला लगेच म्हणावंसं वाटलं की आपल्याकडेही इंटरव्ह्यू पाहिजेत. पण थांबलो. इंटरव्ह्यू काय असतो ते मला आतून माहीत आहे. राहुरीच्या शाळेत शिकलेला, अनोळखी माणसासमोर घसा कोरडा पडणारा माझा पुतण्या आणि न्यू जर्सीत वाढलेली भाची एकाच पॅनलसमोर बसवले तर काय होईल हे सांगायला पॅनलची गरज नाही. शिवाय आपल्याकडे इंटरव्ह्यू म्हटला की चिठ्ठी आली, फोन आला, 'आपला माणूस' आला. माझ्या वेळी बारावीच्या पीसीबीच्या मार्कांवर मेडिकल मिळायचं, मग 1999 पासून सीईटी आली, नंतर नीट. मार्क आंधळे असतात, पण आंधळे असतात म्हणूनच ते आडनाव बघत नाहीत. 720 पैकी आकडा नको असं म्हणणाऱ्यांनी आधी आकड्याशिवाय कोण आत जायचं ते आठवावं.

तेव्हा माझं मत असं, की दोष दारावरच्या आकड्यात नाही. दाराच्या आत काय आहे त्यात आहे. भाचीला पाच-सात गुण कमी पडले म्हणून दुसरं दार मिळालं, पण आत गेल्यावर तिला शरीर तेच, औषधं तीच, रेसिडेन्सी तीच. दहा वर्षांनी तिचा पेशंट तिच्या 506 मुळे धोक्यात येणार नाही. पुतण्याला काही मार्क कमी पडले तर त्याचं शिक्षणच वेगळं झालं, आणि काम मात्र तेच पदरात पडलं. मार्कांचा फरक प्रवेशाच्या दिवशी संपायला हवा होता. आपण तो पेशंटच्या खाटेपर्यंत नेला.

यावर आपल्या सरकारने काढलेला उपाय म्हणजे एक वर्षाचा कोर्स. 2014 मध्ये कायदा बदलला, होमिओपॅथी डॉक्टरांनी आरोग्य विद्यापीठाचा सीसीएमपी केला की काही मर्यादेत आधुनिक औषधं द्यायची परवानगी. 2025 मध्ये त्यांच्या मेडिकल कौन्सिलमधल्या नोंदणीवरून वाद पेटला, 18 सप्टेंबरला एमबीबीएसवाल्या डॉक्टरांनी राज्यभर संप केला. पुतण्याने हा कोर्स केलाय. संपाच्या दिवशी काही ठिकाणचे मोठे डॉक्टर घरी होते. तो ड्यूटीवर होता.

दोन्ही बाजूंचं मला थोडंथोडं पटतं, म्हणून कोणाचंच पटत नाही. साडेचार वर्षांचं एका वर्षात होत नाही हे खरं. पण 'हे बोगस' म्हणून ओरडणाऱ्यांतले काही जण रात्री आपल्या हॉस्पिटलात स्वस्तात कोण ठेवतात, हेही खरं. गावात एमबीबीएस यायला तयार नाही हे कारण सरकार देतं. कारण खरं, पण म्हणून गावाने अर्धा डॉक्टर घ्यावा?

आणि हे मी कुठल्या जिल्ह्यात बसून लिहितोय? याच जिल्ह्यात जामखेडला 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावाने निवडलेल्या बायका, पुष्कळशा दलित, कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण, स्वच्छता शिकवली, शिकवत राहिले, आणि पाठीशी हॉस्पिटल उभं केलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. त्या बायकांना कोणी डॉक्टर म्हटलं नाही, त्यांनीही म्हणवून घेतलं नाही. पण जे काम दिलं ते पूर्ण शिकवून दिलं. पदवीपेक्षा हा हिशेब मला फार प्रामाणिक वाटतो: जेवढं काम, तेवढं शिक्षण.

तोच नियम इथे लावा. ज्याला आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच करायचीय, त्याला ती मानाने करू द्या. (ती चालते की नाही हा वाद आज नको, कमेंट्समध्ये तरी नको.) पण ज्याच्याकडून आधुनिक औषधांचं काम घ्यायचंय, त्याला एमबीबीएसच्या वरच्या वर्षांत बसायची वाट द्या, तीन वर्षं लागली तर तीन, आणि शेवटी परीक्षा तीच घ्या. एक गुण सवलत नको. पास झाला तर त्याला 'तो होमिओपॅथ' म्हणायचं बंद. डीओंना मान 65 डॉलरच्या सर्टिफिकेटने मिळाला नाही, तोच अभ्यास करून मिळाला.

लोक म्हणतील, एवढे थोडेच जातील? नसतील जात. पण माझा पुतण्या गेला असता. मी विचारलं त्याला त्या रात्री. म्हणाला, "काका, आत्ता सांगितलं तर उद्या जातो. मला नोंदणीचा कागद नकोय, मला रात्री दोनला भीती वाटायला नकोय."

भाचीचा इंटरव्ह्यू नोव्हेंबरात झाला, डिसेंबरात प्रवेश मिळाला. तिने खरंच सांगितलं म्हणे, नाकारल्यापासून पाठीवरच्या हातापर्यंत. अण्णांनी बर्फी वाटली. शेजाऱ्यांना सांगत होते, "नात डॉक्टर व्हतीया, हाडांची." दुरुस्त करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

बर्फीचा डबा घेऊन अण्णा पुतण्याकडे गेले तेव्हा तो ड्यूटीवर निघाला होता. एक तुकडा तोंडात टाकला, हेल्मेट घातलं आणि गेला. ते हॉस्पिटल बारा किलोमीटरवर आहे. आज रात्रीही कोणाच्या तरी छातीत दुखेल.