वकिलातीतली उमेदवारी बिनपगारी का?

परदेशातल्या वकिलातींच्या वाणिज्य विभागांत विद्यार्थ्यांना इंटर्नशिप करता येते, हे आपल्याकडच्या तालुक्याच्या महाविद्यालयांत फारसे कुणाला ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांतले बरेच जण जाहिरातीतल्या अटी वाचूनच मागे फिरतात: मानधन नाही, प्रवासखर्च नाही, राहण्याची सोय ज्याची त्याने करावी. मी अशी इंटर्नशिप केली आहे. युरोपात एमए करताना इरॅस्मस मुंडुसची शिष्यवृत्ती हाती होती, म्हणून करू शकले. तासगावात बेदाण्याच्या शेडवर चालणाऱ्या आमच्या घराला तो खर्च झेपला नसता. आज मी सांगलीत निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करते आणि माझे ठाम मत झाले आहे, की वकिलातीतल्या त्या टेबलाशी आपल्या जिल्ह्यांतली मुले बसायला हवीत आणि त्यांना त्या कामाचे पैसे मिळायला हवेत.

वाणिज्य विभागातले काम बाहेरून वाटते तसे झगमगीत नसते. सकाळी भारतातून आलेले ईमेल उघडायचे. बहुतेकांत एकच मागणी असते, ‘खरेदीदारांची यादी पाठवा.’ मग जुनी यादी घेऊन एकेका कंपनीला फोन लावायचा. कुणी धंदा बंद केलेला असतो, कुणाची कंपनी दुसऱ्याने घेतलेली असते, कुठे खरेदी पाहणारा माणूसच बदललेला असतो. त्यानंतर एचएस कोडवरून, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकावरून, त्या मालाची गेल्या काही वर्षांची आयात काढायची, शुल्क किती, कोणता देश किती माल पाठवतो, याचे टिपण अधिकाऱ्यांपुढे ठेवायचे. बर्लिनचे फ्रूट लॉजिस्टिका किंवा कोलोनचे अनुगा यांसारखे प्रदर्शन जवळ आले, की भेटीगाठींची वेळापत्रके आखायची. पैसे अडकलेल्या एखाद्या निर्यातदाराच्या तक्रारीचा पाठपुरावाही करावा लागतो. हे सगळे मेहनतीचे आणि जबाबदारीचे काम आहे.

एकदा बेदाण्याची चौकशी आली. खरेदीदाराने मालातल्या सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण विचारले होते आणि आमच्या भागातल्या निर्यातदाराने उत्तर दिले होते, ‘माल एक नंबर आहे.’ बोलणे तिथेच अडले होते. माझ्याबरोबरचे इंटर्न हुशार होते, त्यांची फ्रेंच माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. पण बेदाण्यात गंधक येते कुठून, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. मी ते लहानपणापासून पाहत आले होते. द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात. पिवळाधमक रंग हवा असेल, तर पुढे गंधकाची धुरी देतात. युरोपीय संघात बेदाण्यातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला 2000 मिलिग्रॅम आहे, आणि 10 मिलिग्रॅमच्या वर गेले की वेष्टनावर तसे छापावे लागते. मी निर्यातदाराला फोन लावला. ‘दादा, माल धुरीचा आहे की बिनधुरीचा? लॉटवार लॅबचा रिपोर्ट आहे का?’ रिपोर्ट आला आणि अडलेले बोलणे पुढे सरकले.

माल ओळखणारा माणूस त्या टेबलाशी असणे म्हणजे काय, ते हेच. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली. तिथल्या नियमाची एक ओळ वेळेवर बागेपर्यंत पोहोचली नाही तर काय होते, हे नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना सांगायला नको. इचलकरंजीच्या मागावरचे कापड, सोलापूरचा टॉवेल, सांगलीची हळद या सगळ्यांच्या खाचाखोचा जाणणारी मुले तो माल पिकवणाऱ्या-विणणाऱ्या घरांत वाढतात. आणि बिनपगारी उमेदवारीची अट नेमकी याच मुलांना बाहेर ठेवते. युरोपातल्या शहरात खोलीचे भाडे, विमा आणि प्रवास स्वतःच्या खिशातून भरून जो राहू शकतो, त्यालाच संधी मिळते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत वकिलातीचा अनुभवही त्याच्याच नावापुढे लागतो.

‘अनुभव हाच मोबदला’ असे यावर सांगितले जाते. अनुभवाचे मोल मी नाकारत नाही, आजचे माझे काम त्यावरच उभे आहे. पण अनुभवाने घरभाडे भरता येत नाही. इतर देशांनाही हे उशिरा का होईना, पटले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात विद्यार्थी वर्षानुवर्षे विनामूल्य राबत होते. 2022 पासून तिथे इंटर्नना वेतन देण्याची सुरुवात झाली. युरोपीय संघाच्या परदेशांतल्या कार्यालयांत बिनपगारी प्रशिक्षणार्थी नेमण्याविरुद्ध तिथल्या लोकपाल एमिली ओ’रायली यांनी 2017 मध्ये स्पष्ट शिफारस केली, की या तरुणांना योग्य भत्ता द्यावा, नाहीतर संधी फक्त सुखवस्तू घरांपुरती उरते.

आपल्याकडेही पायंडा आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या दिल्लीतल्या इंटर्नशिपसाठी 2022 च्या धोरणाप्रमाणे दरमहा 10,000 रुपये आणि एकदाचे जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते. केंद्राच्या यादीतल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांतल्या उमेदवारांचा त्यात खास विचार होतो. महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव हे त्या यादीतले जिल्हे. आपल्या राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. तालुक्याच्या कचेरीत शिकणाऱ्या मुलाला विद्यावेतन देणे सरकारला योग्य वाटते, मग वकिलातीत देशाच्या निर्यातीसाठी राबणाऱ्या मुलीला ते का नको?

सप्टेंबर 2024 मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ‘ट्रेड कनेक्ट’ हे व्यासपीठ सुरू केले. छोट्या निर्यातदाराला त्यावरून थेट परदेशातल्या भारतीय वकिलातीशी संपर्क साधता येतो. ही चांगली गोष्ट आहे. पण प्रश्न वाढले, की उत्तरे देणारे हातही वाढवावे लागतात, आणि त्या हातांना मालाची माहिती असावी लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दिल्लीतला नियम वकिलातींच्या वाणिज्य विभागांनाही लावा आणि विद्यावेतन त्या त्या शहरातल्या खर्चाप्रमाणे ठरवा. उमेदवारीचे दोन भाग करा. पहिला जिल्ह्यात, म्हणजे बाजार समितीत, पॅकहाउसमध्ये आणि तपासणी प्रयोगशाळेत, दुसरा वकिलातीत. ‘जिल्हा निर्यात केंद्र’ उपक्रमात प्रत्येक जिल्ह्याची उत्पादने ठरलेलीच आहेत, त्यांनाच ही मुले जोडून द्या. मुलाने केलेल्या टिपणावर त्याचे नाव असू द्या, आणि त्याला शिकवण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर लेखी टाका. नव्या शैक्षणिक धोरणाने ऑन जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमात आणले आहे. विद्यापीठांनी त्याचे क्रेडिट या कामाला द्यावेत.

यासाठी लागणारा पैसा निर्यात प्रोत्साहनावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने अगदी थोडा आहे. तो केंद्राने द्यावा, केंद्र मागेपुढे करत असेल तर राज्याने आपल्या मुलांपुरता द्यावा. आपला माल परदेशात विकायचा असेल, तर तो पिकवणाऱ्या आणि विणणाऱ्या घरांतली मुले वकिलातीत मानाने आणि पगार घेऊन बसली पाहिजेत.