मम आणि न मम

गेल्या दिवाळीत आमच्या गंगाखेडच्या घरी सर्व मुले-नातवंडे जमली होती. पुण्याच्या नातवाने दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाचे यंत्र, ज्यास मुले कन्सोल म्हणतात, बरोबर आणिले होते. निघते वेळी आपले खेळून झालेले दोन खेळ धाकट्या चुलतभावास द्यावे असे त्याने योजिले. एक खेळ डिस्कवर होता. तो त्याने तत्काळ हाती दिला. दुसरा इंटरनेटवरून उतरवून घेतलेला. तो काही केल्या देता येईना. धाकटा हिरमुसला, आणि थोरल्याने आम्हांस विचारिले, "आजोबा, पैसे तर पुरते दिले होते, मग हा खेळ आपला नाही का?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हे. आपल्या शास्त्रकारांनी स्वामित्वाची खूण यथेष्ट विनियोग ही मानिली आहे. 'न मम' म्हणून उदक सोडावयाचे, तर ती वस्तू आधी 'मम' असावी लागते. जे देता येत नाही, ते आपले कसले?

आम्ही शाळेत होतो तेव्हा दर जून महिन्यात वरच्या इयत्तेतील मुलांची पुस्तके खालची मुले निम्म्या किमतीस घेत. कित्येक गरिबांचे शिक्षण त्यावरच झाले. प्रकाशकाची अनुमती कोणी विचारीत नसे, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. एकदा प्रसृत झालेल्या पुस्तकाच्या प्रतीवर तो हक्क राहत नाही, असेच आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा मानतो. अमेरिकेत एका प्रकाशकाने 'हे पुस्तक एका डॉलरहून कमी किमतीस विकू नये' असे पुस्तकातच छापिले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली तो निर्बंध अमान्य केला.

खेळांच्या बाबतीत हा वाद २०१३ साली पेटला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या एक्सबॉक्स वन या यंत्राचे नियम त्या जूनमध्ये जाहीर केले. यंत्राने दर २४ तासांत एकदा इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी द्यावी, न दिल्यास खेळ बंद. डिस्क मित्रास द्यावयाची तर तो यंत्राच्या मित्रयादीत निदान ३० दिवस असावा, आणि तेही एकदाच. जेथे वळवाच्या एका पावसाने वीज जाते, तेथील मुलांनी काय करावे? १० जून रोजी प्रतिस्पर्धी सोनीने आपल्या यंत्रावर असे निर्बंध नसल्याचे सांगितले. लोकांचा क्षोभही मोठा झाला. आणि १९ जून रोजी मायक्रोसॉफ्टने हे नियम मागे घेतले.

दुसरी बाजूही सांगणे न्याय्य होईल. जुना खेळ विकला गेला की तो रचणाऱ्यांस त्यातून छदामही मिळत नाही. शिवाय त्या योजनेत कुटुंबातील दहा जणांस एकच खेळसंग्रह वापरण्याची सोय होती. निर्बंधांबरोबर तीही गेली. एकत्र कुटुंबास ती सोय खचित उपयोगी पडती. परंतु सोय म्हणजे स्वामित्व नव्हे. ती देणाऱ्याच्या मर्जीवर चालते.

पुढे हाच प्रश्न दुसऱ्या दाराने आत आला. २०२० साली सोनी व मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही डिस्क न घेणारी यंत्रे विक्रीस आणिली. अशा यंत्राकरिता उतरवून घेतलेला खेळ ना विकता येत, ना धाकट्यास देता येत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे विक्रेत्याने असे स्पष्ट सांगावे लागते की, ग्राहकास मिळतो तो केवळ वापराचा परवाना आहे. आमच्या मते एवढा प्रामाणिकपणा सर्वत्र असावा. परवाना विकणे हे पाप नव्हे. परवान्यास 'विक्री' म्हणणे ही मात्र फसवणूक होय.

म्हणून वाचकांस विनंती की, मुलांस असा खेळ घेऊन देण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: इंटरनेट नसता तो चालेल काय, आणि खेळून झाल्यावर दुसऱ्यास देता येईल काय? देण्याची सवय घरात लहानपणीच लागते. नातवास आम्ही इतकेच सांगितले, "बाळा, तो खेळ तुमचा नव्हता, भाड्याचा होता." पुढल्या खेपेस डिस्कच घेईन, असे तो म्हणाला.